बारा टक्के पोकळ

भांडुपला एल.बी.एस. रोडवरून आत वळलं की एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट लागते. तिथे तळमजल्यावरच्या तीन गाळ्यांत शरच्चंद्र कामतांची दगड तपासायची लॅब होती, आणि त्या लॅबमध्ये अक्षता परब तेरा वर्षं दगड फोडत होती.

मुंबईत कुठेही बोगदा, पूल नाहीतर टॉवर व्हायचा असला की आधी जमिनीत खोल भोक पाडतात आणि दगडाचे गोल, लांब दंडुके काढतात. त्यांना कोअर म्हणायचं. ते पेट्यांत रचून लॅबमध्ये यायचे. अक्षता त्यांचे वीतवीतभर तुकडे कापायची, टोकं घासून सपाट करायची, आणि प्रेसखाली ठेवून दाबत जायची. किती भाराला फुटला, ती त्याची ताकद. फुटण्याआधी किती दबला, त्यावरून त्याचा ताठपणा. आणि या दोन्हींच्या आधी मोजायची ती दगडातली पोकळी. कोअर पाण्यात बुडवून त्यातली हवा खेचून घ्यायची, म्हणजे बारीकसारीक छिद्रांत पाणी शिरतं. मग वजन. मग दिवसभर ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन. जेवढं पाणी उडालं, तेवढी पोकळी.

पोकळी वाढली की दगड लेचापेचा होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण किती वाढली म्हणजे किती लेचापेचा, हे एका रेषेत बसवून दाखवलं ते रुचिरा सामंतने. इथूनच अक्षताच्या पोटात दुखायला सुरुवात झाली होती.

दोघी एमएस्सीला एकत्र होत्या. एकच डबा, एकच हातोडा. प्रॅक्टिकलच्या वह्या अक्षताच्या, आणि रुचिरा त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मागून न्यायची. पुढे रुचिरा पीएचडीला परदेशी गेली. अक्षताची आई त्याच वर्षी गेली, वडील गुणाजी एकटे पडले, आणि अक्षताने मिळेल ती नोकरी धरली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. निदान ती तसं म्हणायची.

पाच वर्षांपूर्वी रुचिराचा फोन आला. "अक्षू, तुझ्याकडे मुंबईच्या दगडाचे जुने रिझल्ट असतील ना गं? पोरॉसिटी, ताकद, सगळं? मला एका पेपरसाठी हवेत." अक्षताने कामतसरांना विचारून दोनशे चाळीस कोअरचे आकडे पाठवले. एकेक आकडा तिच्या हातचा. वर्षभराने तो पेपर आला. मुंबईच्या दगडाची पोकळी आडव्या अक्षावर, ताकद उभ्या अक्षावर, आणि मधून छान उतरत गेलेली रेघ. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार.' कर्मचारी! अक्षताने ती ओळ इतक्यांदा वाचली की तिला ती पाठ झाली.

आता रुचिरा परत आली होती. मुलुंडला डोंगरालगत पाण्याच्या बोगद्यासाठी विहिरीसारखा खोल शाफ्ट खणायचं काम चालू होतं, आणि त्याच्या सल्लागार कंपनीत ती मुख्य भूवैज्ञानिक होती. तिच्यामुळे सगळं सोपं झालं होतं. कोअरची फक्त पोकळी मोजायची, रुचिराच्या रेघेवर ताकद वाचायची, आणि त्यावरून भिंत धरून ठेवणारे लोखंडी बोल्ट किती अंतरावर मारायचे ते ठरवायचं. खात्रीसाठी प्रत्येक पेटीतले तीन नमुने तेवढे अक्षताने फोडून बघायचे.

रुचिरा लॅबमध्ये आली की कामतसर खुर्चीतून उठून उभे राहायचे. तेरा वर्षांत ते अक्षतासाठी कधी उठले नव्हते, आणि उठावं असं तिला वाटलंही नव्हतं, रुचिरासाठी ते उठेपर्यंत. रुचिराच्या पांढऱ्या हेल्मेटवर तिचं नाव छापलेलं होतं. साइटवर तिला 'डॉक्टर मॅडम' म्हणत. अक्षता साइटवर कधी गेलीच नव्हती. तिच्याकडे फक्त पेट्या यायच्या.

बरं, घरी तरी सुटका असावी! एका रविवारी ती बाजारातून आली तर गुणाजी खुशीत.

"अगो, रुचिरा इली होती. माझ्यासाठी काजू हाडल्यान. माका म्हणता कसी, काका, तुमी बारीक झालात."

"हं."

"एवढी शिकली, मोठी सायबीण झाली, पण जराय गर्व नाय हां चेडवाक."

"बाबा, तुमची दुपारची गोळी घेतलीत का?" अक्षताने विचारलं, आणि काजूचं पाकीट उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, जिथे म्हाताऱ्याचा हात पोचणार नव्हता. मग तिची तिलाच लाज वाटली आणि तिने ते खाली काढलं.

अशात एका सोमवारी शाफ्टच्या चाळीस मीटर खोलीवरचे कोअर आले. वरचे सगळे काळे, जड, मधूनमधून वाटोळी भोकं असलेले बेसाल्टचे होते. हे हिरवट राखाडी होते. ज्वालामुखीची राख थिजून झालेला दगड. पोकळी निघाली बारा टक्के. रुचिराच्या रेघेवर बारा टक्क्यांना ताकद होती पंचेचाळीस मेगापास्कल.

मंगळवारी अक्षताने पहिला नमुना प्रेसखाली ठेवला. तो एकोणिसाला फुटला. आवाजही नीट झाला नाही. बेसाल्ट कसा बंदुकीच्या बारासारखा फुटतो, हा नुसता बसला. दुसरा बाविसाला. तिसरा अठराला. ताठपणा तर त्याहून खाली, तेवढ्याच पोकळीच्या बेसाल्टच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर.

तिने तुकडा भिंगाखाली धरला. यात वाटोळी भोकं नव्हतीच. केसासारख्या बारीक, चपट्या, एकीत एक शिरलेल्या भेगा होत्या, आणि त्यांत चिकणमाती. तिला क्षणात उलगडा झाला. वाटोळं भोक भार कमानीसारखा स्वतःभोवतीने वळवून देतं. चपटी भेग आधी मिटते, म्हणून दगड दबतो. आणि मग टोकाला फाटत जाते, म्हणून तो लवकर मरतो. पोकळी दोन्हींत बारा टक्केच. पण रुचिराची रेघ फक्त किती पोकळी ते विचारत होती. कसली, ते विचारतच नव्हती.

अक्षताला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढच्या गुरुवारी मोठी आढावा बैठक होती. पालिकेचे इंजिनिअर, ठेकेदार, कामतसर, सगळे येणार होते, आणि रुचिरा पडद्यावर आपली रेघ दाखवणार होती. त्या वेळी अक्षता उठून उभी राहील. शांतपणे म्हणेल, "मॅडम, या तीन नमुन्यांचं काय?" वाक्य तिने तिथल्या तिथे घोळवलंसुद्धा. 'मॅडम' म्हणायचं की 'रुचिरा', यावर ती जेवणाच्या सुट्टीभर विचार करत होती.

नियम असा होता की रिझल्ट त्याच संध्याकाळी ईमेलने साइटवर जायचे. अक्षताने ते पाठवले नाहीत. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, रजिस्टरात तारखेचा रकाना कोरा सोडला. तीनच नमुने आहेत, अजून फोडून खात्री करू, असं तिने स्वतःला सांगितलं. बुधवारी आणखी तीन फोडले. तेही तसेच. शुक्रवारी रुचिराचा फोन आला.

"अक्षू, खालच्या पट्ट्याचं काय झालं गं? चाळीसच्या खालचं?"

"रिपीट चाललंय."

"काही वेगळं दिसतंय का?"

उत्तर द्यायला अक्षताला फक्त एक 'हो' लागला असता. तो तिच्या जिभेवर आलाही होता. "नाही," ती म्हणाली, "मशीन जरा त्रास देतंय."

"बरं. सावकाश कर. तुझ्या हातचं असलं की मला चिंता नसते."

फोन ठेवल्यावर अक्षताला राग आला. असं गोड बोलून ही मोठी होते, तिला वाटलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास कामतसर फोन कानाला लावूनच बाहेर आले. चेहरा उतरलेला. "शाफ्टमध्ये भिंतीतून मोठा ढलपा सुटला. एक ड्रिलर त्याखाली सापडला. रतन म्हणून कुणी. जिवंत आहे, पण पायाचं काही खरं नाही म्हणतात." मग त्यांनी विचारलं, "चाळीस मीटरच्या पेटीचं काय झालं? आली होती ना आपल्याकडे?"

"आली होती."

"फोडलेत नमुने?"

"चालू आहे, सर."

"संध्याकाळपर्यंत मला सगळे आकडे हवेत. काम बंद केलंय त्यांनी."

अक्षता प्रेससमोर बसून राहिली. साडेबाराला तिने डबा न उघडता पर्स उचलली आणि रिक्षाने रतनला नेलेलं मुलुंडचं हॉस्पिटल गाठलं. आपण तिथे कशाला चाललोय हे तिला सांगता आलं नसतं. लॅबमध्ये बसवत नव्हतं, एवढंच.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर पन्नाशीकडे झुकलेली एक बाई बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कामाचे जड बूट. एकच बूट कापलेला होता. ती रतनची बायको, शांताबाई.

"तुम्ही कंपनीच्या का?" तिने विचारलं.

"नाही. मी लॅबमधली. दगड तपासते."

शांताबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती रस्त्यावरच्या कुणालाही सांगावं तशी सांगू लागली. "आठ दिस झाले, हे घरी येऊन म्हणत होते, खालचा दगड काही बरोबर नाही. मशीन लोण्यात घुसल्यासारखी घुसती. पंचवीस वर्षं हेच काम केलंय त्यांनी, त्यांना हाताला कळतं. सायबाला सांगितलं. सायब म्हणाला, लॅबकडून काही आलं नाही, म्हणजे ठीकच असणार. कागदावर बरोबर हाये." तिने पिशवीतला बूट आत ढकलला. "मग हे काय करणार? उतरले."

अक्षता काहीतरी पुटपुटली. पाणी आणून देऊ का, असं असावं. शांताबाई नको म्हणाली.

तीन वाजता ती लॅबमध्ये परतली आणि रजिस्टर उघडलं. कोरा रकाना. आजची तारीख घातली की संपलं. सकाळी मशीन सुरू झालं, आत्ता आकडे आले असं म्हटलं, तर कुणी काही विचारणार नव्हतं. तिने पेन टेकवलं. मग तिने गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख लिहिली. खाली बुधवारची. आणि सही केली.

पाचला रुचिरा आली. हेल्मेट नव्हतं, केस विस्कटलेले, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल. कामतसर ठाण्याला गेले होते. अक्षताने काही न बोलता रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

रुचिराचं बोट आकड्यांवरून फिरलं आणि तारखेवर थांबलं.

"मंगळवार? कुठला मंगळवार?"

"गेल्या आठवड्यातला."

"मी शुक्रवारी फोन केला होता तुला."

"हो."

"तू मशीन बिघडलंय म्हणालीस."

"मशीन ठीक होतं." अक्षताचा आवाज तिलाच परका वाटला. "मला उद्याच्या मीटिंगमध्ये दाखवायचं होतं. सगळ्यांसमोर. तुझी रेघ चुकलेली आहे ते."

रुचिरा खाली बसली. बाहेर कुठल्यातरी गाळ्यात पत्रा कापायचा आवाज चालला होता.

"का गं?" रुचिराने विचारलं.

"कर्मचारी," अक्षता म्हणाली. "दोनशे चाळीस कोअर फोडले मी. तू लिहिलंस, कर्मचाऱ्यांचे आभार. सर तुझ्यासाठी उभे राहतात. माझा बाप तुझे काजू खातो आणि तुझे गोडवे गातो. बघवत नाही मला तुझं चांगलं, रुचिरा. झालं? एवढंच आहे कारण. एवढ्यासाठी त्या माणसाचा पाय गेला."

रुचिराने डोळे चोळले. "दोनशे चाळीस नव्हते त्या आलेखात," ती म्हणाली. "दोनशे एकोणतीस होते."

"म्हणजे?"

"अकरा मी काढून टाकले. ते रेघेच्या खूप खाली जात होते. सगळे असलेच, राखेचे, हिरवट. पोकळी दहा-बारा टक्के, आणि ताकद काहीच नाही. मला वाटलं, तुझ्या मोजण्यात चूक झाली असेल. विचारायला हवं होतं तुला. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, चूक नाही, आणि मग माझी रेघ इतकी सुरेख आली नसती."

अक्षताला तोंडात मारल्यासारखं झालं. चार वर्षं ती आपलं नाव नसल्याचं दुःख करत बसली होती, आणि इकडे तिचे आकडेच केराच्या टोपलीत गेले होते. "माझी चूक?" ती म्हणाली. "तेरा वर्षांत माझं एक वजन चुकलेलं दाखव."

"माहीत आहे मला. म्हणून तर फोन केला ना शुक्रवारी. तो दगड बघून मला ते अकरा आठवले होते." रुचिरा उठली. "मला तुझा भयंकर राग आलाय, अक्षू. माझाही आलाय. पण ते नंतर. ते तुकडे दाखव मला."

रात्र पडेपर्यंत दोघी भिंगाशी बसल्या. भेगा कशा चपट्या आहेत, कुठल्या दिशेने जातात, ओल्या असताना किती सैल होतात, ते अक्षता सांगत गेली आणि रुचिरा लिहीत गेली. "घावन आणि खारी," अक्षता एकदा बोलून गेली. "जाळी दोन्हींत असते. घावन बोटाने दाबलं तर परत वर येतं. खारी दाबली की पदर सुटून भुगा." रुचिरा हसली, आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. ती आता चौकशीच होती. रुचिरा पहिली उठली. पडद्यावर तिने आपली रेघ दाखवली आणि गाळलेले अकरा ठिपके लाल रंगात परत टाकले. "ही माझी चूक आहे," ती स्वच्छ म्हणाली. "या दगडाला माझी रेघ लागू नाही. लॅबच्या अक्षता परब यांचे आकडे बरोबर होते, आजही आहेत." मग पालिकेचा एक वयस्क इंजिनिअर म्हणाला, "असं कबूल करायला हिंमत लागते, मॅडम," आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

अक्षता मागच्या खुर्चीत बसून ते ऐकत होती. एवढं सगळं होऊनही तिच्या पोटात तीच जुनी कळ उठली. बघा, हिची चूकसुद्धा हिच्या अंगावर शोभून दिसते! मग तिची पाळी आली. तिने उभं राहून सांगितलं की रिझल्ट तिने आठ दिवस दाबून ठेवले. कारण विचारल्यावर म्हणाली, "वैयक्तिक." तिला कुणी हिंमतवान म्हटलं नाही. कामतसर मान खाली घालून बसले. सोमवारी तिला मेमो मिळाला, तिचे सहीचे अधिकार सहा महिन्यांसाठी काढले, आणि तिच्या प्रत्येक आकड्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागू लागली. रुचिराला कंपनीने त्या कामावरून काढून दुसरीकडे बसवलं. शाफ्टच्या हिरव्या पट्ट्यात बोल्ट निम्म्या अंतरावर आले, भिंतीवर जाळी चढली, आणि महिन्याभराने काम पुन्हा सुरू झालं.

दोन महिन्यांनी अक्षताला कळलं की रतन घरी आलाय. घाटकोपरला. पाय वाचला होता, पण गुडघ्यात लोखंडी सळई होती आणि ड्रिलरचं काम आता जमणार नव्हतं. आपण जाऊन त्याला खरं सांगायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. रस्त्यात रिक्षात बसल्या बसल्या तिला एक गोष्ट नीट दिसली. या विचारात एक छोटासा गोड भाग असा होता, की रुचिरा काही असं करणार नाही. भर मीटिंगमध्ये बोलणं वेगळं, त्या माणसाच्या दारात उभं राहणं वेगळं. हे दिसल्यावर रिक्षा परत फिरवावी असं तिला वाटलं. पण तिने फिरवली नाही. कारण कसलंही असो, सांगायचं ते सांगायचंच होतं.

चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरचं घर. शांताबाईने ओळखलं. रतन खाटेवर पाय लांब करून बसला होता. दांडगा, पिकल्या मिशांचा माणूस. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी मुलीची पदवी घेतानाची तसबीर.

"बसा," शांताबाई म्हणाली. "त्या दुसऱ्या डॉक्टर मॅडम येऊन गेल्या परवा. खूप वेळ बसल्या. आपली चूक झाली म्हणाल्या."

इथेही ती आधी! क्षणभर अक्षताला हसावं की रडावं कळेना.

"माझ्याबद्दल काही बोलल्या?" तिने विचारलं.

"तुमच्याबद्दल?" रतन म्हणाला. "नाही. तुमच्याबद्दल काय?"

म्हणजे ते काम रुचिराने तिच्यासाठी ठेवलं होतं. अक्षता बसली नाही. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. आकडे अपघाताच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारीच आले होते, ती म्हणाली. दगड कच्चा आहे हे मला माहीत होतं. माझ्या मैत्रिणीचं नाक कापायचं म्हणून मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. तुमचं खरं आहे असं सांगणारा कागद माझ्यापाशी होता.

शांताबाईने चहासाठी काढलेला कप परत फळीवर ठेवला.

"आठ दिवस?" रतनने विचारलं.

"आठ दिवस."

"मला वाटलं होतं, माझाच हात खोटा बोलायला लागला," तो हळू म्हणाला. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तसं वाटलं. त्या मॅडमनी चूक सांगितली, पण हे नाही सांगितलं." त्याने पाय थोडा उचलून सरळ केला, दोन्ही हातांनी, सामान हलवावं तसा. "माफ वगैरे मी काही करणार नाही, बाई. ते माझ्याच्यानं होणार नाही."

"नका करू."

"पण आलात ते बरं केलंत. आता जा."

शांताबाईने दारापर्यंतसुद्धा सोडलं नाही. अक्षता जिना उतरली. खाली आल्यावर तिने फोन काढला आणि रुचिराला लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला.

"सांगितलंस?" रुचिराने विचारलं.

"सांगितलं," अक्षता म्हणाली, आणि घाटकोपरच्या त्या गजबजलेल्या गल्लीत भिंतीला टेकून, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, रडायला लागली. पलीकडे रुचिराने फोन ठेवला नाही.